एकसष्ट किलो

पृथ्वीराजच्या गाडीत पुढची डावी सीट कायम मोकळी असायची. मागं तिघं मांडीला मांडी लावून, जेवणाचे डबे पोटाशी धरून बसलेले, आणि पुढं ही सीट आपली ऐसपैस रिकामी. गाडीला नवी सीटकव्हरं घातली त्याला सव्वा वर्ष झालं, पण या एका सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. गावातनं पलूसच्या एमआयडीसीत कामाला जाणारी ही चौकडी, त्यातला शंभूराज अंगानं आडवा. तो दारात अडकत, कण्हत मागं शिरायचा आणि रोज एकदा तरी म्हणायचा, "आरं गड्या, मला पुढं बसू दे की."

"ती आप्पांची जागा हाय."

"आप्पा बसत्यात कुठं हिच्यात?"

"बसतील कवातरी," पृथ्वीराज म्हणायचा आणि गाणी मोठ्यानं लावायचा, म्हणजे पुढचं कुणी काही विचारू नये.

आता हे आप्पा कोण, ते आधी सांगायला हवं. आप्पा म्हणजे पृथ्वीराजचे वडील, गुंडा. बावीस वर्षं फौजेत ड्रायव्हर. हिमालयातल्या घाटांत, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असल्या रस्त्यांवर त्यांनी ट्रक चालवले आणि गाडीला एक ओरखडा पडू दिला नाही, असं ते सांगायचे. फौजेतनं आले तेव्हा ही पांढरी गाडी त्यांनीच घेतली. रोज सकाळी बोनेट उघडायचं, तेल बघायचं, चाकांवरनं हात फिरवायचा. पृथ्वीराजला गाडी शिकवली तीही त्यांनीच, आणि तो कामाला लागला त्या दिवशी किल्ली त्याच्या हातात दिली. स्वतः शेजारच्या सीटवर बसायला लागले. आप्पा शेजारी, आई मागं, असं सगळं छान चाललं होतं.

मग या पठ्ठ्याला गाडी लो करायची हुक्की आली. मोबाईलवर गाड्या बघायचा, जमिनीला पोट टेकलेल्या, चाकं आत आणि मडगार्ड टायरला भिडलेलं. कोल्हापूरच्या एका दोस्ताकडं जाऊन त्यानं गाडीच्या स्प्रिंगा चक्क कापून आणल्या. नवी सीटकव्हरं घातली, फोटो काढून मोबाईलवर टाकले, दोनशे लोकांनी लाईकचा अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी घरातले म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला निघाले. गावच्या वेशीतला गतिरोधक आला आणि गाडीचं पोट असं काही घासलं, की पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"थांबव," आप्पा म्हणाले. ते खाली उतरले, वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाले, "ही गाडी न्हाई, फरशी पुसायचा पोछा झालाय."

पारावर हशा पिकला. पृथ्वीराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो बोलून बसला, "तुमचा फौजेतला डबडा ट्रक न्हाई हा. तुमाला काय कळतंय हेच्यातलं?"

चारचौघांत. ज्यानं बोट धरून गाडी शिकवली त्याला. आप्पांनी दार लावलं, आपटलंसुद्धा नाही, आणि चालत घरी गेले. त्या दिवसानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं असं नाही. ऊस कधी तुटणार, मोटार का बंद पडली, सगळं बोलायचे. फक्त आप्पा गाडीत बसत नव्हते आणि गाडीचं नाव काढत नव्हते. आणि पृथ्वीराजच्या पोटात त्या एका वाक्याचा काटा सव्वा वर्ष रुतून बसला होता. चुकलो म्हणावं, तर जीभ रेटायची नाही. एवढं खरं, की त्या सीटवर त्यानं दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

आणि आता आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मिरजेच्या दवाखान्यात शुक्रवारी आधी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, येताना-जाताना धक्के नकोत, धूळ नको, घरची गाडी असेल तर बरं. आप्पांनी घरी येऊन जाहीर केलं, "मी सात-दहाच्या एसटीनं जाणार."

आईनं, म्हणजे अंजनाबाईंनी, लेकाकडं बघितलं. लेकानं ताटात बघितलं.

तर अशी सगळी गत, आणि त्याच आठवड्यात सोमवारी पलूसमध्ये शंभूराजच्या डब्याचं झाकण घरंगळत गाडीखाली गेलं. गाडी एवढी खाली, की शंभूराजला रस्त्यावर पालथं पडावं लागलं. तो पालथा पडला आणि तिथनंच म्हणाला, "पृथ्वी, गड्या, हिकडं ये जरा."

पुढच्या उजव्या टायरची आतली कड पार उडाली होती. बाहेरनं बघावं तर नक्षी शाबूत, टायर जणू कालच घेतलंय, आणि आतल्या अंगाला रबर संपून तारा बाहेर आलेल्या. डावंही त्याच वाटेवर होतं. या टायरांवर पृथ्वीराज रोज तीन माणसं घेऊन पळत होता. याच टायरांवर शुक्रवारी आप्पांना न्यायचं तो मनात ठरवत होता.

तसं अलाईनमेंट, म्हणजे मशीनवर चाकं सरळीत आणणं, त्यानं केलं नव्हतं असं नाही. कराडला एकदा, सांगलीत दोनदा. दर वेळी गाडी नव्या नवरीसारखी धुवायची, डिकी, सीटा, सगळं रिकामं करायचं आणि मगच न्यायची. परक्याच्या दारात नीटनेटकं जावं, ही घरची शिकवण. स्प्रिंगा कापल्यात हे मात्र तो कुठंच सांगायचा नाही. मशीनवर आकडे हिरवे यायचे, हा खूश होऊन परत यायचा, आणि टायर आपलं झिजतच राहायचं.

बुधवारी त्यानं रजा टाकली. सवयीप्रमाणे गाडी धुतली, रिकामी केली आणि बैलगाडीच्या चालीनं विट्यात मायणी रोडला प्रियंकाताईच्या दुकानात आणली. तिचे वडील मिलिंद यांचं तिथं पंक्चरचं दुकान होतं. पोरीनं डिप्लोमा केला, पुण्याला चार वर्षं कंपनीत काढली आणि परत येऊन त्याच जागेत अलाईनमेंटचं मशीन बसवलं. पस्तिशीची बाई, केस रुमालात बांधलेले, बोलायला सडेतोड.

तिनं मशीनकडं बघितलंच नाही. गाडी जॅकवर घेतली आणि उघड्या तळव्यानं टायरवरनं आडवा हात फिरवला, आधी आतनं बाहेर, मग बाहेरनं आत. आप्पा रोज सकाळी अगदी असाच हात फिरवायचे.

"बघा तुमी," ती म्हणाली. "हिकडनं मऊ लागतंय, तिकडनं करवतीगत. म्हंजे टो सुटलाय."

"म्हंजे?"

"फेंगडं चालणाऱ्या माणसाची चप्पल बघितलीया न्हवं? एकाच बाजूनं झिजती. तुमच्या गाडीची दोन्ही चाकं तोंडं बाहेर करून पळत्यात. गाडी सरळ जाती आन् टायर रस्त्यावर फरफटतंय. वर आनिक चाकं डोक्याकडनं आत कलल्यात, त्याला कॅम्बर म्हणायचं, त्यानं सगळा भार आतल्या कडंवर. स्प्रिंगा कापल्या व्हय?"

पृथ्वीराजनं मान खाली घालून होकार दिला.

"अलाईनमेंट कितीदा केलं?"

"तीनदा."

"आन् दर वारी अशीच धुऊन, झाडून, रिकामी करून नेली?"

"मग काय पसारा घिऊन यायचं?"

"दादा, गाडी धुतल्याली मला चालती," ती म्हणाली. "पण मोकळ्या गाडीचा आकडा मोकळ्या गाडीचाच. एवढ्या खाली बसल्याली गाडी, माणूस आत शिरला की आनिक खाली बसती, चाकांची तोंडं आनिक फिरत्यात. मशीनवर बरोबर, रस्त्यावर चूक. रोज कोणकोण बसतं हिच्यात?"

"मी. मागं तिघं."

"पुढं?"

"पुढं कोण न्हाई."

प्रियंकाताईनं दार उघडून त्या प्लास्टिक घातलेल्या सीटकडं बघितलं. "तिघं मागं चेंगरत्यात आन् ही सीट मोकळी?"

"आप्पांची हाय. माझ्या वडलांची."

"मग आप्पा कुठायत?"

तो बोलला ते तुकड्या-तुकड्यात. शुक्रवारचं ऑपरेशन, सात-दहाची एसटी, वेशीतला गतिरोधक, आणि आपण काय बोललो ते. ती जॅकला टेकून निमूट ऐकत होती. मग म्हणाली, "काम होतंय आजच्या आज. मधल्या मापाच्या स्प्रिंगा मिळत्यात गावात. त्या घालायच्या, लोअर आर्मचं, चाक धरणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश गेलंय ते बदलायचं, कॅम्बरचं बोल्ट टाकून चाकं उभी करायची, पुढं दोन टायरं नवी, आन् मग टो. पण गाडी दीड इंच वर येणार. ते चालंल का?"

दीड इंच. ऐकायला काही नाही. पण त्या दीड इंचासाठी हा पोरगा बापाला नको ते बोलला होता. त्याला दोनशे अंगठे आठवले, मडगार्डला भिडलेलं चाक आठवलं. तो बाकड्यावर बसला, समोर चहा आला, त्याच्यावर साय धरली तरी कप उचलला नाही.

"तुमी ठरवा निवांत," ती आतनं म्हणाली. "फोटोसाठी नीट करायची का आप्पांसाठी, तेवढंच सांगा."

"वर घ्या," तो म्हणाला. म्हटल्यावर आपल्याला एवढं हलकं का वाटतंय, तेच त्याला कळेना.

दुपारी तीनपर्यंत कापलेल्या स्प्रिंगा भंगारात पडल्या आणि गाडी चार पायांवर नीट उभी राहिली. मग ताईनं वाळूच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या काढल्या. ती गाडीत माणसांएवढं वजन ठेवून टो बसवायची. वडिलांनी एसटी डेपोत काम करणाऱ्या दोस्ताकडनं शिकलेली ही रीत, तिनं मशीन आल्यावरही सोडली नव्हती.

"शुक्रवारी मागं कोण?"

"आई. पंचावन्न असंल."

"आन् आप्पा किती?"

"चौऱ्याहत्तर," पृथ्वीराज पटकन म्हणाला. आप्पांचं वजन त्याला तोंडपाठ होतं. फौजेतली सवय, दर वर्षी दसऱ्याला ते साखर कारखान्याच्या गोदामातल्या काट्यावर वजन करायचे आणि घरी येऊन सांगायचे.

"कवाचं हाय हे?"

मागच्या दसऱ्याला आप्पा बोलले होते का काही? आठवेना. त्यानं आईला फोन लावला.

"एकसष्ट भरलं बाबा, दवाखान्यात," आई म्हणाली. "का रं?"

"एकसष्ट? आई, चौऱ्याहत्तर हुतं की."

"व्हतं की. सव्वा वर्सापास्नं जेवणावरनं मन उडालंय त्यांचं. डोळ्यानं दिसंनासं झालं तसं तर आनिकच. तुला ठावं न्हाई व्हय? तू त्यांच्याकडं बघतोस कवा."

आईच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. बाप डोळ्यांदेखत तेरा किलोनं उतरला होता आणि हा रोज त्यांच्या शेजारी बसून भाकरी खात होता. पृथ्वीराजनं फोन खिशात ठेवला आणि बाह्यांनी तोंड पुसलं.

"एकसष्ट धरा," तो म्हणाला.

ताईनं आधी मागच्या सीटवर आईच्या वजनाएवढ्या पिशव्या ठेवल्या, मग सहा पुढच्या सीटवर रचल्या. वरच्या एका किलोसाठी इकडंतिकडं बघितलं आणि आपला मोठा पाना त्यांच्यावर ठेवला. पिशव्या पडू नयेत म्हणून पट्टा लावला. मग पृथ्वीराजला स्टिअरिंगवर बसवलं, "हात सरळ, हालायचं न्हाई," अशी तंबी दिली आणि स्वतः गाडीखाली गेली.

तो बसला. शेजारी पट्टा लावलेली वाळू. सव्वा वर्षानं त्या सीटवर वजन आलं होतं. गाडीखालनं पान्याची टकटक येत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग हळूच, ओठांतल्या ओठांत, पृथ्वीराज त्या पिशव्यांना म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी मी लय वंगाळ बोललो. तुमीच शिकवलं की मला सगळं. माझी चूक झाली."

टकटक थांबली.

"दादा, हालू नका," गाडीखालनं आवाज आला. "टो हलतोय." थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, जरा मवाळ. "आन् हे वाळूला सांगून उपेग न्हाई."

पृथ्वीराजला हसावं का रडावं कळेना. दोन्ही थोडं-थोडं झालं. निघताना त्यानं विचारलं, "ताई, आप्पा न्हाई बसलं तर गाडी परत टायर खाईल का?"

"न्हाई ओ. आता नीट उंचीवर हाय गाडी. एका माणसानं काडीचा फरक पडंल. पंधरवड्यानं एकदा हात फिरवून बघा म्हंजे झालं."

तो घरी आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. इंजिन बंद झालं तशी त्यांनी मान वळवली. आवाजावरनं काहीतरी वेगळं असल्याचं त्यांना कळलं असणार. ते उठले, चाचपडत पुढच्या चाकापाशी आले, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा त्या गाडीला हात लावला. तळवा टायरवरनं आडवा फिरवला, आतनं बाहेर, बाहेरनं आत. मग टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घालून माप घेतलं.

"तीन बोटं," ते म्हणाले. "वर घेतलीस व्हय."

"व्हय. आन् आप्पा, गाडी तुमच्या एकसष्ट किलोवर बसवलीया. तुमी न्हाई बसला तर टायर परत खाणार, असं त्या ताई म्हणाल्या."

"खोटं," आप्पा शांतपणे म्हणाले. "एका माणसानं काय फरक पडत न्हाई. बावीस वर्सं गाड्या हाकल्यात मी."

झाली का पंचाईत. पृथ्वीराजनं आईकडं बघितलं. ती दारात तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. वाळूपुढं सोपं होतं. इथं समोर माणूस होता, उतरलेल्या खांद्यांचा, पांढुरक्या झालेल्या डोळ्यांचा, आणि वाट बघणारा. होय, वाट बघणारा. ते त्याला आत्ता दिसलं.

"व्हय, खोटं हाय," तो म्हणाला. "ताईबी तेच म्हणाल्या. पण मला तुमी गाडीत पायजे, आप्पा. त्या दिवशी चार माणसांत मी तुमाला बोललो, ते चुकलं माझं. कवाचं सांगायचं व्हतं. वजन इचारलं तर तेबी ठावं न्हवतं मला."

आप्पांनी टायर पुन्हा अंगठ्यानं दाबून बघितलं. मग "हवा दोन पौंड जास्त हाय," एवढंच बोलले आणि आत गेले.

शुक्रवारी सकाळी आप्पा धुतलेला पांढरा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन अंगणात उभे राहिले. पृथ्वीराजनं गाडी काढून ठेवली होती, पण बसा म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. आई मागं जाऊन बसलीसुद्धा. सात-दहाची एसटी वेशीत आली, हॉर्न वाजला. आप्पांनी मान त्या बाजूला केली. एसटी थांबली, कुणीतरी चढलं असेल, आणि ती निघून गेली.

मग त्यांनी पुढचं डावं दार उघडलं, बसले आणि लगेच अंग उचललं. "हे पलास्टिक काढ आधी. घसरतंय."

पृथ्वीराजनं असं काही ओरबाडून ते प्लास्टिक काढलं, की कव्हराचा एक टाका उसवला.

वेशीतला गतिरोधक आला. पारावरची तीच माणसं तशीच बसलेली. पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली. कुठं काही घासलं नाही. पारावरच्या एकानं हात वर केला, आप्पांनीही केला.

तासगावच्या पुढं, दोन्हीकडं द्राक्षबागा आणि रस्ता सरळ लागल्यावर आप्पा म्हणाले, "जरा स्टेरिंगवरचा हात सैल सोड बघू."

पृथ्वीराजनं बोटं मोकळी केली. गाडी सरळ चालली होती, ना इकडं ना तिकडं. आप्पा पुढच्या काचेतनं त्यांना जेवढा दिसत होता तेवढा रस्ता बघत राहिले.

"बाई हुशार हाय," ते म्हणाले. "आणि एकसष्ट न्हाई, आता बासष्ट असंल. परवापास्नं तुझी आई दोन्ही वक्ताला शिरा घालतीया."

"तुमीच मागून खाल्ला," आई मागनं म्हणाली.

पृथ्वीराजनं आरशात आईकडं बघितलं. मिरज जवळ आली तसे आप्पा सीट मागंपुढं करून बघत होते, पाय लांब करून बघत होते, जुनी जागा पुन्हा अंगाला लावून घेत होते.

"पुढल्या महिन्यात दुसरा डोळा," ते म्हणाले. "दोन्ही डोळं नीट झालं की मी चालवणार. तू हिकडं बसायचं. त्या ताईला सांगून ठेव, मग वजनं उलटी धरावी लागतील."

"सांगतो," पृथ्वीराज म्हणाला, आणि दवाखान्याच्या फाटकातनं गाडी आत घेतली.